इंजिन बांधलं, तरी निळा धूर

प्रश्न : जुन्या ट्रकच्या पेट्रोल इंजिनात नवीन पिस्टन रिंगा टाकल्या. बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) गुळगुळीत होता, म्हणून त्याला हात लावला नाही. ६०० किलोमीटर झाले तरी निळा धूर येतो, ऑइलही कमी होतं. इंजिन पुन्हा उघडावं का?

उत्तर : लगेच नको. आधी गरम इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा ठळक वाढला, तर गळती रिंगांतून आहे. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताच धुराचा लोट आला, तर व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) झिजलेत. त्यासाठी फक्त हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागेल.

तुमच्या बाबतीत मात्र संशय बोअरवरच आहे. गुळगुळीत बोअरवर नवीन रिंग बसत नाही. होनिंग करून, म्हणजे बोअर दगडाने घासून, सुमारे ४५ अंशांच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा पाडाव्या लागतात; त्यांत ऑइल टिकतं आणि रिंग घासून जागा धरते. नंतर बोअर गरम साबणाच्या पाण्याने, ब्रशने धुवा. नुसतं पेट्रोलने पुसू नका, दगडाचा कीस रेषांतच राहतो आणि नव्या रिंगा खातो. पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत धुवा, लगेच ऑइल लावा.

बोअरच्या वरच्या कडेला नखाला पायरी लागते का? मग होनिंग पुरणार नाही. बोअरिंग (बोअर कापून मोठा करणं) आणि ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाचे, पिस्टनच हवेत. पायरी तशीच ठेवली तर नवीन रिंग तिथे आपटून तुटते.

रिंगचा गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) बोअरमध्येच मोजा : व्यासाच्या दर इंचाला साधारण ०.००४ इंच, म्हणजे साडेतीन इंचाला ०.०१४. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.