वाचकांचे प्रश्न: बर्लिनच्या बायकांनी बटरची दुकानं का फोडली?

प्रश्न (एक वाचक, कोल्हापूर): पहिल्या महायुद्धात सरहद्दीवरचे काही भाग सोडले तर लढाई जर्मनीच्या घरापर्यंत आलीच नव्हती. मग १९१८ पर्यंत तिथली साधी माणसं एवढी कशी खचली? भुकेमुळे का?

भूक तर होतीच हो. पण माझं मत विचाराल तर लोकांचं डोकं फिरलं ते "त्यांना मिळतंय आणि आम्हाला नाही" यामुळे. जरा सविस्तर सांगतो.

युद्धाआधी जर्मनी बरंचसं धान्य, गुरांची पेंड आणि खत बाहेरून आणायचा, ब्रिटिश आरमाराने समुद्र अडवला आणि ते सगळं आटलं. त्यात शेतावरची माणसं गेली लढायला, घोडेही गेले, आणि जो नायट्रोजन खताला लागायचा तो दारूगोळ्यात जायला लागला. १९१५ च्या सुरुवातीलाच बर्लिनमध्ये पावाला रेशनकार्ड आलं, पावाच्या पिठात बटाटा घालायला लागले. त्याच वर्षी विद्वान मंडळींनी हिशोब मांडला की डुकरं माणसांच्या वाटणीचं धान्य आणि बटाटे खातात, तेव्हा डुकरं कमी करा. सुमारे ९० लाख कापली! काही आठवडे बाजारात मांसच मांस आणि मग ना मांस, ना चरबी, ना शेतात टाकायला खत. असे कागदावर चोख बसणारे हिशोब बघितले की मला धडकीच भरते.

ऑक्टोबर १९१५ मध्ये बर्लिनच्या लिश्टेनबर्ग भागात बायकांनी बटरच्या दुकानांच्या काचा फोडल्या. बटर म्हणजे आपल्याला चैन वाटेल, पण तिथल्या कामगाराचं जेवण म्हणजे पाव आणि त्यावर बटर नाहीतर चरबी, ते गेलं तर कोरडा पाव उरतो आणि तोही बटाट्याचा. भाव रोज वर जात होते आणि दुकानदार माल दाबून ठेवतायत, ओळखीच्या गिऱ्हाईकाला मागून देतायत असा सगळ्यांना संशय. गंमत म्हणजे बर्लिन पोलीस लोकांच्या मनःस्थितीचे नियमित रिपोर्ट वर पाठवायचे, रांगेत कोण काय बोलतंय ते सगळं त्यात, आणि त्या रिपोर्टमध्ये पोलिसांची सहानुभूती चक्क बायकांकडे दिसते. साहजिक आहे, त्यांच्याही बायका त्याच रांगेत होत्या. या रांगेला बर्लिनकर "पोलोनेझ" म्हणायचे, म्हणजे जोड्या-जोड्यांनी मिरवत करायचा तो नाच. दुकान सकाळी उघडणार तर बायका रात्रीपासून उभ्या, दिवसभर फॅक्टरीत राबून आलेल्या, आणि नंबर लागेपर्यंत माल संपलेला.

मग १९१६ ची थंडी. पावसाने आणि रोगाने बटाट्याचं पीक जवळपास निम्म्यावर आलं. बटाट्याच्या जागी मिळाला श्टेकरूबे, सलगमसारखा जाडजूड पिवळ्या गराचा कंद, जो एरवी मुख्यतः जनावरांपुढे टाकायचे. त्याचं सूप, त्याचा जॅम, त्याची "कटलेट", तो वाळवून कॉफी आणि पावातही तोच! घरभर त्याचाच वास. रेशनवर दिवसाला साधारण हजारेक कॅलरी मिळायच्या, मोठ्या माणसाच्या गरजेच्या निम्म्याही नाही. वर कडाक्याची थंडी, कालवे गोठले, रेल्वे लष्कराच्या कामात अडकलेली, म्हणून कोळसा शहरात पोचेना आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो हिवाळा जर्मन लोक आजही सलगमाचा हिवाळा म्हणूनच ओळखतात.

या सगळ्यात लोक काय करायचे, तर पाठीवर पिशवी टाकून ट्रेनने खेड्यात. घरातलं कापड, चांदीचे चमचे काय असेल ते द्यायचं आणि बटाटे-अंडी आणायची. परत येताना स्टेशनवर झडती, बटाटे जप्त. आणि पैसेवाल्याच्या घरी हॅम मागच्या दाराने व्यवस्थित पोचत होतं, हे त्या झडती दिलेल्या बाईला चांगलं माहीत होतं. सरकार रोज "सगळे मिळून सोसू" म्हणतंय आणि समोर हे. एप्रिल १९१७ मध्ये रोजचं पीठ २०० ग्रॅमवरून १७० वर आणलं तेव्हा बर्लिनमध्ये २ लाखांहून जास्त कामगार संपावर गेले. जानेवारी १९१८ च्या संपात मागण्या बघा, धान्याबरोबर शांतता हवी आणि मतदानात समान हक्क पण हवा. पोटाची गोष्ट राजकारणात गेली ती अशी.

उपासमारीने आणि त्यातून आलेल्या आजारांनी ७ लाख ६३ हजार नागरिक मेले असा सरकारी आकडा डिसेंबर १९१८ मध्ये निघाला. नंतरच्या अभ्यासकांनी तो बराच खाली आणलाय, पण काही लाख तर नक्कीच. आणि युद्ध थांबल्यावरही नाकेबंदी पूर्ण उठली ती जुलै १९१९ मध्ये.

प्रश्न (एक वाचिका, ठाणे): पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर (सरकारप्रमुख) आडेनाउअर यांनी सॉसेज शोधून काढलं होतं हे खरं का?

खरंय! पहिल्या महायुद्धात ते कोलोन शहराच्या अन्नपुरवठ्याचं बघायचे. मका, सातू आणि तांदळाच्या पिठाचा पाव त्यांनी काढला, मका रोमानियाकडून येणार होता, आणि १९१६ मध्ये रोमानियाच विरुद्ध बाजूने युद्धात उतरला. मग सोयाबीनचं सॉसेज. त्याचं पेटंट त्यांना ब्रिटनमध्ये मिळालं १९१८ मध्ये, म्हणजे ज्यांच्या नाकेबंदीमुळे ते करावं लागलं त्यांच्याकडूनच. चवीचं विचारू नका.

प्रश्न (तेच कोल्हापूरचे वाचक): मग दुसऱ्या महायुद्धात शहरं बेचिराख झाली तरी लोक का उठले नाहीत?

दहशत हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे नाझींनी १९१८ ची, म्हणजे घरचीच जनता उठून राजवट कोसळली त्याची, धास्तीच घेतली होती. रेशनकार्डं युद्ध सुरू व्हायच्या आधीच, ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस घरोघरी पोचली. १९४२ च्या एप्रिलमध्ये पाव-मांस कमी केलं तर गुप्तहेर खात्याच्या रिपोर्टमध्ये लगेच नाराजी दिसायला लागली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बडा नाझी नेता गोरिंगने भाषण ठोकलं की उपाशी राहायची वेळ आलीच तर ती जर्मनांवर येणार नाही, दुसऱ्यांवर येईल. रेशन वाढलं. ते कुठून आलं? युक्रेनमधून, फ्रान्समधून, सगळ्या बळकावलेल्या मुलखातून. तोपर्यंत २० लाखांहून जास्त सोव्हिएत युद्धकैदी भुकेने, थंडीने आणि रोगाने मेलेले होते. बर्लिनमधल्या ज्यूंना तर १९४० पासून खरेदीला दिवसातून एकच तास होता, दुपारी ४ ते ५, म्हणजे शेल्फ रिकामे झाल्यावर. हे बाकीच्या गिऱ्हाइकांना दिसत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

म्हणून बऱ्याच जर्मन घरांत "उपासमार" म्हटलं की आठवण निघते १९४६-४७ ची, युद्ध संपल्यानंतरची, जेव्हा बाहेरून ओरबाडून आणलेलं काही उरलं नव्हतं. त्या थंडीत कोलोनचे कार्डिनल (कॅथलिक चर्चचे बडे धर्मगुरू) फ्रिंग्ज यांनी ३१ डिसेंबरच्या प्रवचनात सांगून टाकलं की जगण्यापुरतं जे कामातून किंवा मागूनही मिळत नाही ते माणसाने घेतलं तर चालेल, आणि लोक पोती घेऊन कोळशाच्या मालगाड्यांवर चढले.