डिझर्टेशनसाठी गावाकडं येऊन काम करता येतं, पण निघायच्या आधी हे वाच

तू लिहिलंयस की टीसच्या (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) तुळजापूर कॅम्पसमधून सोशल वर्कचं एमए झालंय, आता यूकेतून अँथ्रोपॉलॉजी अँड डेव्हलपमेंटच्या मास्टर्सची ऑफर आलीय, सप्टेंबरात निघायचंय, आणि डिझर्टेशनचं, म्हणजे शेवटच्या प्रबंधाचं, टेन्शन आहे कारण तुला ऊसतोडीवरच काम करायचंय आणि तिथं बसून ते कसं जमणार कळत नाहीये. मी काही वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं, बीड जिल्ह्यातल्या एका गावात, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते. लहान असशील असं धरून अगं-तुगं करतेय.

आधी हिशोब समजून घे. तिथलं मास्टर्स एका वर्षाचं, १८० क्रेडिटचं, आणि त्यातले बऱ्याच ठिकाणी ६० क्रेडिट एकट्या डिझर्टेशनचे असतात. एक क्रेडिट म्हणजे १० तास काम, म्हणजे झाले ६०० तास. त्यात सुपरवायझर तुझ्यासमोर बसणार किती, तर आमच्याकडं सगळं मिळून चारेक तास. आपल्याकडं गाईड विषय सुचवतात, चॅप्टर कुठंय म्हणून फोन करतात, तशी सवय असेल तर ती तिथं सुटायला वेळ लागतो. तिथं कुणी मागं लागत नाही, मेल तूच करायचा, भेट तूच मागायची, आणि भेटीच्या दोन दिवस आधी दोन पानं लिहून पाठवायची. ती दोन पानं नसतील तर अख्खी भेट विषय समजावण्यात जाते. माझ्या सुपरवायझर ऑगस्टमध्ये तीन आठवडे रजेवर होत्या आणि ते मला जुलैच्या शेवटी कळलं, तेव्हा त्यांच्या रजा कधी आणि कच्चा मसुदा किती वेळा वाचणार हे पहिल्याच भेटीत विचार.

आता विषय. मी पहिल्यांदा लिहून दिलं होतं 'ऊसतोड कामगारांचं स्थलांतर आणि विकास'. सुपरवायझरनी ते वाचून एकच विचारलं, तू रोज सकाळी उठून नक्की कुणाशेजारी जाऊन बसणार आहेस? माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग बारीक करत करत प्रश्न असा झाला की कोयत्याची (म्हणजे तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीची) उचल, मुकादमानं (मजूर नेणाऱ्या ठेकेदारानं) हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, घरात आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत ते पैसे कुठं कुठं जातात आणि ते कोण ठरवतं, नवरा, सासू, की मुकादमानं आधीच कापून घेतलेलं असतं. बघ, डिझर्टेशनचे महिने म्हणजे जून ते ऑगस्ट, तेव्हा फडावर कुणी नसतं, हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पण उचल घेण्या-देण्याचं बोलणं पावसाळ्यातच होतं आणि माणसं गावात असतात. म्हणजे तोडीवर काम करायचं ठरवलं असतंस तर कॅलेंडरच आडवं आलं असतं, उचलीवर केलंस तर तेच कॅलेंडर तुझ्या बाजूनं. ऑफर आलेल्या खात्याला आत्ताच मेल करून विचार की मास्टर्सला फील्डवर्कची परवानगी आहे का, कारण काही खाती लायब्ररीवरच डिझर्टेशन करायला लावतात, आणि हे फी भरल्यावर कळणं वाईट.

एथिक्स अप्रूव्हल, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, मिळाल्याशिवाय एकाही माणसाशी कामाचं बोलायचं नाही, तो फॉर्म मार्चमध्येच भरायला घे, रिस्क असेसमेंट (फील्डवरच्या धोक्यांचा फॉर्म) वेगळं असतं. एथिक्सच्या फॉर्ममध्ये संमतीपत्र असतं, माणसानं वाचून सही करायची. मी ते मराठीत करून, प्रिंट काढून घेऊन गेले. दुसऱ्याच घरात ओसरीवर बसले होते, तिथल्या मावशी चहा देऊन छान बोलत होत्या, मी कागद आणि पेन पुढं केलं तशा त्या गप्पच झाल्या. हात पदराला पुसले आणि मागं घेतले. म्हणाल्या, "बाई, कागदावर अंगठा दिला की ते पैसे फेडावं लागतात." त्यांच्या लेखी कागद म्हणजे उचल. मी कागद पिशवीत टाकला, त्या रात्री सुपरवायझरना मेल केला, एथिक्स कमिटीकडून तोंडी संमती चालेल असा बदल मंजूर करून घेतला, आठ दिवस गेले त्यात. तू पहिल्या फॉर्ममध्येच तोंडी संमती मागून घे आणि कारण म्हणून हेच लिही. माझ्या डिझर्टेशनचं सगळ्यात चांगलं प्रकरण त्या हात मागं घेण्यावर उभं राहिलं, त्यामुळं ते आठ दिवस वाया गेले असं मी कधीच म्हणणार नाही.

अजून एक, २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनच्या बातम्या आल्यापासून तिकडं पत्रकार, संस्था, सर्व्हेवाले खूप येऊन गेलेत. बायकांनी तेच तेच सांगितलंय आणि त्यांच्या हातात काही पडलेलं नाही असं मला तोंडावर ऐकवलं गेलं. तिथं जाऊन मी त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, ज्या स्वतःहून बोलल्या त्यांचं ऐकून घेतलं आणि लिहिलं नाही. तूही गावाचं, मुकादमाचं, कारखान्याचं नाव वहीतसुद्धा बदलूनच लिही, कारण पुढच्या हंगामात त्यांना त्याच मुकादमाकडं जायचंय.

पैशाचं आणि व्हिसाचं पटकन सांगते. सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप बघत असशील तर २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरच्या सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले होते, म्हणजे आपला विषय थेट त्यात येतो, मला हा नियम अजूनही पटलेला नाही. तुझ्या वर्षाची नियमावली शब्दन् शब्द वाचून मगच अर्ज कर. स्टुडंट व्हिसावर आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि बऱ्याच जणांना वाटतं उन्हाळ्यात फुल टाइम चालतं, तर मास्टर्सवाल्यांना डिझर्टेशनचा उन्हाळा टर्ममध्येच धरतात, म्हणून २०चीच मर्यादा राहते. हे चुकलं तर व्हिसावर येतं. गावाकडं जायच्या आधी युनिव्हर्सिटीची लेखी परवानगी हवीच, आणि नंतर ग्रॅज्युएट रूट (शिक्षण संपल्यावर तिथं राहून काम करायचा व्हिसा) घ्यायचा विचार असेल तर बाहेर घालवलेले आठवडे चालतात का हे तिथल्या व्हिसा ॲडव्हायझरकडून लेखी घे. तू १ जानेवारी २०२७ ला किंवा त्यानंतर अर्ज करणार असशील तर तो रूट आता दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच आहे. एक मात्र आपल्या बाजूनं, भारतात काम करायला तुला वेगळा रिसर्च व्हिसा लागत नाही, माझ्या परदेशी मैत्रिणींचे अर्धे बेत तिथंच अडले.

नोट्स रोज रात्री टाइप कर, कितीही दमलीस तरी, कारण चौथ्या दिवशी कोण काय म्हणालं ते आपल्याच शब्दांत आठवायला लागतं. आणि प्रती वेगवेगळ्या जागी ठेव. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास, मुंबईत समाजशास्त्राचे प्राध्यापक घुर्ये यांच्याकडं शिकून पुढं ऑक्सफर्डला गेलेले, त्यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात काम केलं होतं, आणि १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांच्या तयार नोट्सच्या तिन्ही प्रती जळाल्या, कारण तिन्ही एकाच इमारतीत होत्या. माझी एक वही, एक लॅपटॉप आणि एक युनिव्हर्सिटीचा ड्राइव्ह होता, आणि वही मी माजलगावच्या बसमध्ये खरंच विसरले.

मराठी शब्दांचं इंग्रजी करायची घाई करू नकोस. उचल, कोयता, मुकादम, टोळी तसेच ठेव आणि पहिल्यांदा आल्यावर एका वाक्यात समजाव. उचलीला ॲडव्हान्स म्हटलं की तिचं ओझं जातं, हे माझ्या सुपरवायझरनीच दाखवलं, त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता.

तुझा प्रश्न दोन ओळींत इथंच लिहून टाक, कुणाशेजारी बसणार आहेस तेवढं त्यात येऊ दे. मी रविवारी वाचून सांगते.