मदत नाकारणारा प्रवासी

प्रवासाची आखणी कोलमडल्यावर पुढे आलेल्या मदतीचे काय करावे, या एकाच विषयाभोवती फिरणारी काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या पत्रांतील अडचणींचे मूळही बऱ्याच अंशी तिथेच आहे.

प्रश्न : मी अनेक वर्षे एकटीने प्रवास करते. तिकिटे, राहण्याची जागा, एक वाट बंद झाली तर दुसरी कोणती, हे सर्व मी खूप आधी लिहून ठेवते आणि ओळखीचे लोक त्यासाठी माझा सल्लाही घेतात. अलीकडे मधल्या थांब्यावरून पुढे जाणारे माझे विमान रात्री उशिरा रद्द झाले. फोनची बॅटरी संपत आली होती. त्याच विमानातल्या एका कुटुंबाने मला त्यांच्या गाडीतून हॉटेलपर्यंत सोडण्याची तयारी दाखवली. मी नको म्हटल्यावर ‘निदान फोन तरी चार्ज करून घ्या’ असेही ते म्हणाले. दोन्ही वेळा मी ‘माझी सोय झाली आहे’ असे सांगितले, जे खरे नव्हते, आणि ती रात्र खुर्चीत बसून काढली. मला भीती वाटली नव्हती. माणसे सभ्य होती. मग मी नाही का म्हटले? ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ अशी आपली गत झाल्याचे मला सहन झाले नाही, एवढेच कारण असेल का?

उत्तर : एवढेच कारण असेल असे आपल्या पत्रावरून वाटत नाही. (त्या म्हणीतल्या हरीचे काम शेवटी झाले होते, हे आपण ती म्हण वापरताना सोयीस्करपणे विसरतो.) आपण तयारीविषयी ज्या आत्मीयतेने लिहिले आहे, त्यावरून असे दिसते की प्रवासाची आखणी ही आपल्यासाठी केवळ सोय राहिलेली नसून ती आपल्या कर्तबगारीची खूण झाली आहे. जेफ्री फिशर, आरी नॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मदत स्वीकारणाऱ्याच्या मनःस्थितीविषयीच्या संशोधनाचा 1982 मध्ये विस्तृत आढावा घेतला होता. त्यात त्यांनी असे मांडले की तीच मदत कधी आधार वाटते, तर कधी स्वतःविषयीच्या आदराला धक्का देणारी वाटते, आणि यांपैकी काय वाटेल हे परिस्थितीवर व घेणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून असते. ज्या बाबतीत माणसाला स्वतःचा अभिमान असतो, नेमक्या त्याच बाबतीत मदत घेणे त्याला सर्वांत जड जाते. सामान उचलायला कोणी हात लावला असता तर आपण कदाचित सहज आभार मानून मोकळ्या झाला असता. रात्रीची सोय दुसऱ्याने लावणे मात्र आपल्याला आपल्या कौशल्याचा पराभव वाटला.

शिवाय विमान रद्द झाले तेव्हा निर्णयाची जवळजवळ सगळी सूत्रे आपल्या हातून निसटली होती. पुढचे विमान केव्हा सुटेल, सामान कोठे आहे, सकाळी जागा मिळेल की नाही, यांपैकी काहीही आपण ठरवू शकत नव्हता. ‘नको’ म्हणणे तेवढे आपल्या हाती उरले होते आणि आपण ते वापरले. म्हणून त्या नकाराला मी गर्व म्हणणार नाही. हातून गेलेला ताबा परत मिळवण्याचा तो एक प्रयत्न होता, फक्त त्यातून मिळाले काहीच नाही. फोन चार्ज झाला असता तर सकाळच्या तिकिटाचा शोध आपण रात्रीच सुरू केला असता, म्हणजे खरा ताबा त्या नाकारलेल्या चार्जरमध्ये होता.

नकार देताना ‘यांना उगाच त्रास’ हा विचारही मनात आला असणार. हा हिशेब बहुतेकांचा चुकतो आणि तो चुकतो एकाच दिशेने. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागी लोकांना अनोळखी माणसांकडे लहानसहान विनंत्या घेऊन पाठवले होते, आणि त्यांत थोडा वेळ मोबाइल वापरू देण्याची विनंतीही होती. किती जण होकार देतील याचा अंदाज त्यांच्याकडून आधीच घेतलेला होता. प्रत्यक्षात मिळालेल्या होकारांच्या तुलनेत तो काही वेळा निम्म्याइतका कमी निघाला. मागणारा माणूस आपल्या विनंतीचे ओझे मोजत राहतो आणि समोरच्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणे किती अवघड असते हे त्याच्या ध्यानात येत नाही, असे या संशोधकांचे स्पष्टीकरण आहे. याचा अर्थ काही होकार संकोचापोटी येतात, अशी शंका आपण घ्याल आणि ती रास्त आहे. परंतु शुआन झाओ व निकोलस एप्ली यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत मदत करणाऱ्यांनाच विचारले, तेव्हा त्यांना झालेला त्रास मागणाऱ्याच्या कल्पनेपेक्षा कमी आणि मदत केल्याचा आनंद त्याच्या कल्पनेपेक्षा अधिक होता. आपल्या प्रसंगात तर विनंतीही नव्हती. त्या कुटुंबाने आपणहून विचारले होते आणि तेही दोनदा.

पुढच्या वेळेसाठी मला एकच गोष्ट सुचवायची आहे. मदत संपूर्ण घ्यायची किंवा संपूर्ण नाकारायची असे बंधन कोणीही घातलेले नाही. किती, कशात आणि कुठपर्यंत हे ठरवण्याचे काम घेणाऱ्याचे असते, कारण देणाऱ्याला आपली नेमकी गरज ठाऊक नसते आणि त्यामुळे तो बहुधा गरजेपेक्षा मोठे काहीतरी देऊ करतो. ‘गाडीची गरज नाही, पण अर्धा तास चार्जर मिळाला तर फार बरे होईल’ एवढे म्हटल्यावर आपली आखणी आपल्याच हाती राहते आणि समोरच्याचीही सुटका होते. त्यालाही आता नेमके काय द्यायचे ते कळलेले असते. आपणहून मागण्याची वेळ आली तर गर्दीला उद्देशून न विचारता एका माणसाकडे पाहून, एकच गोष्ट, किती वेळासाठी हवी ते सांगून मागावी. बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी 1968 पासून केलेल्या प्रयोगांत आढळले होते की पाहणारे जितके जास्त, तितकी त्यांतल्या कोणा एकाने पुढे होण्याची शक्यता कमी, कारण प्रत्येकाला दुसरा कोणी तरी पुढे होईल असे वाटत असते.

प्रश्न : गाडी किंवा विमान रद्द झाले की लोक काउंटरवर आवाज चढवतात, ते मला आवडत नाही. मी शांतपणे बाजूला होतो आणि स्वतःच्या पैशाने सोय करतो. हेही मदत नाकारणेच झाले का?

उत्तर : नाही. हे आपले हक्काचे येणे सोडून देणे झाले. अडकलेल्या प्रवाशाला जे मिळते त्यातले काही हक्काचे असते आणि काही कोणाच्या चांगुलपणामुळे मिळालेले असते. संकोची माणसे या दोहोंना एकाच मापाने मोजतात आणि दोन्हींपासून दूर राहतात. युरोपीय संघाचा 261/2004 हा नियम उदाहरणादाखल घ्या. तो लागू असलेल्या उड्डाणाला ठरावीक तासांहून अधिक उशीर झाला तर विमान कंपनीला प्रवाशासाठी खाणेपिणे आणि दोन फोन किंवा संदेशांची सोय, तर रात्र काढावी लागल्यास राहण्याची जागा व तेथवर नेण्याआणण्याची व्यवस्था विनामूल्य करावी लागते. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे आकाश बंद झाले, तेव्हा एवढ्या असाधारण परिस्थितीतही हे कर्तव्य उरते का असा वाद निर्माण झाला. नुकसानभरपाई लागू नसली तरी प्रवाशाची काळजी घेण्याचे कर्तव्य टळत नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने 2013 मध्ये दिला. इतरत्र नियम वेगळे असतात आणि ते तिकिटाच्या अटींसह प्रवासापूर्वीच वाचून ठेवावेत. परदेशात पासपोर्ट हरवला तर आपल्या देशाच्या दूतावासाकडे जाण्यातही उपकाराचा प्रश्न येत नाही, कारण आपल्या नागरिकांना साहाय्य करणे हे 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार वाणिज्य दूताच्या कामांपैकीच एक आहे.

आवाज चढवणे आपल्याला आवडत नाही हे चांगलेच आहे. ‘मला या अटींनुसार काय मिळते, ते कृपया लिहून द्या’ हे वाक्य हळू आवाजातही म्हणता येते. स्वतः खर्च करावा लागलाच, तर पावत्या जपून ठेवाव्यात.

प्रश्न : खराब हवामानामुळे आमची गाडी मध्येच थांबली आणि एका अनोळखी दांपत्याने आम्हाला रात्रभर घरी ठेवून घेतले. परतल्यावर आम्ही त्यांना पैसे पाठवले, ते त्यांनी परत केले. आमच्याकडून त्यांचा अपमान झाला का? आणि हे ऋण फेडायचे तरी कसे?

उत्तर : अपमान झाला असेल असे वाटत नाही, पण ते थोडे हिरमुसले असतील. त्यांनी आपल्याला पाहुणे म्हणून ठेवले होते. पैसे पाठवून आपण त्या रात्रीला भाड्याच्या खोलीचे रूप दिले. याचा अर्थ पैशाचा उल्लेखच करू नये असा नाही. इंधन, टोल, औषध असा ज्याचा प्रत्यक्ष खर्च झाला आहे, त्यातला आपला वाटा तिथल्या तिथे, एकदाच आणि सरळपणे देऊ करावा, आणि नाही म्हटले तर पुन्हा आग्रह करू नये. वेळ, जागा आणि जागरण यांची किंमत लावण्याचा प्रयत्न मात्र करू नये.

वाटेत भेटलेल्या माणसाचे ऋण त्याच माणसाला फेडता येईल असे सहसा नसतेच. 11 सप्टेंबर 2001 रोजी अमेरिकेचे आकाश बंद झाल्यावर कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधील गँडर या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावी 38 प्रवासी विमाने उतरवण्यात आली आणि प्रवासी व विमान कर्मचारी मिळून साडेसहा हजारांहून अधिक माणसे तेथे व आसपासच्या गावांत काही दिवस अडकून पडली. शाळा, चर्च, सभागृहे आणि घरे त्यांच्यासाठी उघडण्यात आली; संपावर असलेले शाळेच्या बसचे चालक संप बाजूला ठेवून कामावर आले. या सगळ्याचे पैसे घेण्याची तेथील लोकांची तयारी नव्हती. तेव्हा लुइसपोर्ट या शेजारच्या गावात राहिलेल्या एका विमानातील प्रवाशांनी परतीच्या वाटेवर, विमानातच, त्या गावातील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी वर्गणीची आश्वासने गोळा केली आणि त्यातून खरोखर निधी उभा राहिला. घेतलेले जसेच्या तसे परत करण्याऐवजी त्यांनी ते पुढे सरकवले, आणि ते देताना कोणालाही अवघडल्यासारखे होणार नाही असा मार्ग शोधला.

आपल्याला निधी उभारण्याची गरज नाही. त्या दांपत्याला आपण सुखरूप पोहोचल्याचे कळवले होते का, हे आपल्या पत्रात नाही. कळवले नसेल तर आधी ते करा. अनोळखी माणसाला वाटेला लावल्यानंतर तो पुढे नीट गेला की नाही याची रुखरुख मदत करणाऱ्याला लागून राहते, आणि ती केवळ आपणच दूर करू शकता. पैसे पाठवल्याबद्दल त्या पत्रात खुलासे करत बसू नका. त्यांच्यामुळे पुढचा प्रवास कसा पार पडला ते चार ओळींत लिहा.

प्रश्न : आपले म्हणणे ऐकून प्रत्येक अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा का? मदतीच्या नावाखाली फसवणूकही होते.

उत्तर : होते, आणि म्हणूनच ‘किती आणि कुठपर्यंत’ हे आपण सांगावे, असे मी वर म्हटले. आपण घातलेली अट प्रामाणिक माणूस सहज मान्य करतो. अट घातल्यावर जो चिडतो, घाई करतो, आपल्याला सोबत्यांपासून किंवा वर्दळीच्या जागेपासून दूर नेऊ पाहतो, पासपोर्ट किंवा फोन स्वतःकडे ठेवायला मागतो, त्याच्यापासून ताबडतोब बाजूला व्हावे. त्यासाठी कारण देण्याची गरज नाही. आपल्याकडे आपणहून चालत आलेल्या माणसापेक्षा आपण स्वतः निवडलेला माणूस, म्हणजे गणवेशातला कर्मचारी, लहान मुलांसोबतचे कुटुंब, तिकीट खिडकीवरची व्यक्ती, बहुधा अधिक सुरक्षित असतो. कोणाच्या गाडीत बसायचेच असेल तर गाडीचा क्रमांक घरच्या माणसाला त्यांच्यासमोरच कळवावा. स्थानिक आपत्कालीन क्रमांक प्रवासापूर्वी पाहून ठेवावा. 112 हा क्रमांक युरोपीय संघासह अनेक देशांत चालतो.

प्रश्न : माझ्या वडिलांना गुडघेदुखीमुळे लांब चालवत नाही. मागच्या प्रवासात विमान बदलताना धावपळ झाली आणि पुढचे विमान चुकले, तरीही ते व्हीलचेअर घ्यायला तयार नाहीत. ‘मी काही पंगू नाही’ असे म्हणतात. त्यांना कसे समजवावे?

उत्तर : समजवण्यापेक्षा त्यांना माहिती द्या आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. त्यांच्या मनात व्हीलचेअर म्हणजे पूर्ण परावलंबित्व असे चित्र असावे, पण विमान कंपन्या या साहाय्याची नोंद करताना तीन पायऱ्या मानतात. ज्याला जिने चढता येतात आणि विमानात स्वतः चालता येते, केवळ विमानतळावरील लांब अंतर जमत नाही, त्याच्यासाठी डब्ल्यूसीएचआर हा संकेत आहे. ज्याला जिनेही जमत नाहीत पण विमानात जागेपर्यंत चालता येते त्याच्यासाठी डब्ल्यूसीएचएस. आणि ज्याला जागेपर्यंतही न्यावे लागते त्याच्यासाठी डब्ल्यूसीएचसी. आपल्या वर्णनावरून आपले वडील पहिल्या पायरीत बसतात असे दिसते. ही तिन्ही वर्णने त्यांच्यासमोर ठेवा आणि आपल्याला कोणते लागू पडते हे त्यांनाच सांगू द्या. कंपनीला फोनही आपण न करता त्यांनीच करावा, आणि तो प्रवासाच्या किमान 48 तास आधी करावा, कारण बऱ्याच ठिकाणी तेवढी पूर्वसूचना मागितली जाते.