जुनी कार घेताना रिकॉल कसा तपासावा?

प्रश्न : एमएच-१५ पासिंगची जुनी कार घ्यायचा विचार आहे. त्या मॉडेलचा एअरबॅगसाठी रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघाला होता, असं कळलं. दुरुस्ती झाली का, कसं तपासू?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आधी आरसीवरचा चासी नंबर घ्या. तो १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतातच. ‘ओ’ वाटलं तर ते शून्य समजा. मग गाडीवर कोरलेला नंबर फडक्याने पुसून, टॉर्च मारून ताडून बघा. काही मॉडेलांत तो बॉनेटखाली असतो, काहींत पुढच्या सीटखाली. घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर व्यवहार तिथेच थांबवा.

हा नंबर कंपनीच्या वेबसाइटवरच्या रिकॉल पानावर टाका. नुसतं मॉडेल बघून कळत नाही, कारण रिकॉल बहुधा ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांचाच असतो. काम झाल्याची नोंद अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून मागा. विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका. काम बाकी असेल तर कंपनी ते मोफत करते, मालक दुसरा असला तरी. कंपनीची पत्रं जुन्या मालकाकडे जातात, म्हणून तुमचा मोबाइल नंबर तिथे नोंदवाच.

एअरबॅगचं काम मुळीच लांबवू नका. ताकाता या एअरबॅग बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या सदोष इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) रसायन उष्णतेने, दमटपणाने बिघडतं. मग एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात.