खांद्याची ताकद दोन्ही हातांत सारखी आली, मग आता पूर्ण जोराने स्मॅश मारायला हरकत नाही ना?

मी खेळाडूंच्या रिहॅबमध्ये काम करतो. तुम्ही व्हॉलीबॉल खेळता, उजवा खांदा दुखावला होता, आता दोन्ही हात सारखे झालेत असं फिजिओंनी सांगितलं, तरी पंधरा-वीस स्मॅशनंतर हात जड पडतो. एवढ्यावर मी तरी लगेच हो म्हणणार नाही. स्मॅश मारणारा हात मुळात दुसऱ्यापेक्षा थोडा जास्तच ताकदवान असतो. तो डाव्याच्या बरोबरीला आला, तर काम अजून बाकी असू शकतं.

त्याच हाताचे दोन आकडे एकमेकांशी ताडून बघा: हात बाहेर फिरवायची ताकद आणि आत फिरवायची ताकद, म्हणजे एक्सटर्नल आणि इंटर्नल रोटेशन. एक्सटर्नल हे इंटर्नलच्या साधारण 66 ते 75 टक्के असावं, असं धरतात. समजा दोन्ही हातांचं एक्सटर्नल 11 किलो आलं. वरवर पाहता झकास. पण डाव्याचं इंटर्नल 16 असेल तर प्रमाण 69 टक्के, आणि उजव्याचं 20 असेल तर फक्त 55. चेंडूला फटका देतात इंटर्नलवाले स्नायू आणि फटक्यानंतर सुटलेला हात आवरतात एक्सटर्नलवाले. गाडीचं इंजिन मोठं, ब्रेक मात्र छोट्या गाडीचे, अशी गत.

मोजलं कसं, तेही विचारा. नुसतं हाताने दाबून पाहिलं असेल तर एवढा फरक कळतच नाही. हातात धरायचा डायनॅमोमीटर (ताकद मोजायचं यंत्र) चालतो, पण पट्ट्याने बांधलेला बरा, कारण तगडा खेळाडू तपासणाऱ्यालाच मागे ढकलतो. कोपर अंगापासून हळूच सुटतं का, कंबर वळते का, यावर नजर हवी. आकडा वाढवायला सगळे हेच करतात, नकळत. हात खांद्याच्या उंचीवर, कोपर काटकोनात, अशा स्थितीतही मोजून घ्या. शिवाय तुम्ही हात रोखून धरायचा आणि तपासणाऱ्याने तो जोराने हलवायचा, अशीही चाचणी होते. आवरायची ताकद खरी तिथे दिसते.

तुमचा हात दमल्यावर जड होतो, म्हणून टिकाव तपासणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पालथं झोपून, वजनाच्या 2 टक्के भार (70 किलोच्या माणसाला 1.4 किलो) हातात घेऊन, हात बाजूला काटकोनात उचलायचा, मिनिटाला 30 ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवर (ताल देणाऱ्या यंत्रावर), लय सुटेपर्यंत.

पुश-अपच्या स्थितीत एकमेकींपासून 91 सेंटिमीटरवर चिकटवलेल्या दोन पट्ट्यांना 15 सेकंद आळीपाळीने हात लावायची चाचणी बरीच चालते. करा, पण जमिनीवर टेकलेला हात आणि हवेत फिरणारा हात यांत खूप अंतर आहे. नुसत्या तिच्या भरवशावर मी कोणाला मैदानात सोडत नाही. बसून एका हाताने मेडिसिन बॉल (व्यायामाचा वजनदार चेंडू) फेकायची चाचणी त्यामानाने कामाची.

तोवर स्मॅश बंद करू नका, हात जड व्हायच्या आत थांबा. रात्री खांदा ठणकत असेल किंवा निसटल्यासारखा वाटत असेल, तर मात्र चाचण्या बाजूला ठेवून आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.