नवी मुंबई वसवूनही लोकलची गर्दी का हटली नाही?

तुम्ही विचारलंय की मुंबईवरचा भार कमी करायला नवी मुंबई वसवली, पन्नास वर्षं उलटली, तरी लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. मग योजना फसली का? प्रकल्पासाठी हवंय म्हणालात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वाहतुकीच्या घरोघर पाहण्या करणं हेच माझं काम. थोडक्यात उत्तर असं, की माणसं हलली पण नोकऱ्या हलल्या नाहीत, आणि ज्या हलल्या त्या फार उशिरा.

१९६४-६५ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी ही कल्पना मांडली. मुंबई चिंचोळी, कचेऱ्या दक्षिण टोकाला, म्हणून सकाळी सगळे खाली आणि संध्याकाळी सगळे वर. हा ओघ मोडायचा तर ठाण्याच्या खाडीपलीकडे कामधंद्यासकट दुसरं शहर हवं. १९७० मध्ये हे शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, ३४४ चौरस किलोमीटरचा टापू ठरला. सगळी भिस्त सरकारी कचेऱ्यांवर होती. मंत्रालय गेलं की बँका, कंपन्या, वकील, अगदी झेरॉक्सवालेसुद्धा आपसूक मागोमाग जातात.

मंत्रालय काही हललं नाही. उलट त्याच सुमारास बॅकबेला भराव घालून नरिमन पॉइंटचे भूखंड विकायला काढले. म्हणजे खाडीपलीकडे चला म्हणणारं सरकारच दक्षिण टोकाला आणखी कचेऱ्या बसवत होतं. पुढे एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं. तेही दक्षिण मुंबईचा ताण कमी व्हावा म्हणूनच, पण ठाण्याच्या खाडीच्या अलीकडेच.

एक गोष्ट मात्र खरोखर हलली, ती घाऊक बाजारपेठ. कांदा-बटाटा, मसाला, धान्य टप्प्याटप्प्याने मशीद बंदर आणि आसपासच्या गल्ल्यांतून वाशीला गेलं. व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, पण बाजारच तिकडे नेल्यावर जातात कुठे? त्यांच्यासोबत माथाडी, म्हणजे ओझी वाहणारे कामगार, आले आणि त्यांना कोपरखैरणे, घणसोलीकडे घरं मिळाली. काम आणि घर एकदमच हललं, असं इतक्या मोठ्या प्रमाणावर इथे तरी दुसरीकडे झालेलं नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ही गोष्ट धड्यासारखी असायला हवी. मला तरी कुठे दिसली नाही.

आता रेल्वे. मानखुर्द-वाशी लोकल १९९२ मध्ये सुरू झाली, सिडकोनंतर तब्बल २२ वर्षांनी, आणि तिचा दोन-तृतीयांश खर्च सिडकोनेच उचलला. ती आली आणि हिशेबच बदलला: वाशी-नेरूळला स्वस्तात घर घ्यायचं, नोकरी फोर्टातलीच ठेवायची. ठाण्याहून वाशीला जाणारी लोकल, म्हणजे मुंबईत न शिरता थेट नवी मुंबईत नेणारी, २००४ मध्ये आली. म्हणजे मुंबईकडे जायची सोय आधी झाली आणि ठाण्याकडून नवी मुंबईत कामाला जायची बारा वर्षांनी.

आकडे बघा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली. चक्क घटली. त्याच काळात तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. शहर रिकामं होतंय आणि गर्दी वाढतेय, हे कोडं वाटेल. पण चाळीतून उठून डोंबिवलीला गेलेला माणूस फोर्टात कामाला येतोच. आधी पायी किंवा बेस्टने यायचा, आता तास-सव्वा तास लोकलने. गर्दी किती डोक्यांची, याइतकंच डोक्यामागे किलोमीटर किती, हेही मोजावं लागतं.

पाहणीत कळव्याचं एक घर आठवतं. सासरे परळच्या गिरणीतून निवृत्त, मुलगा नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या आयटी पार्कात, सून फोर्टातल्या बँकेत. मी विचारलं, सुनेच्या ऑफिसजवळ का राहत नाही? सासूबाई म्हणाल्या, "अहो, मग याला लांब पडेल. आणि फोर्टात घर परवडतंय कोणाला?" दोन कमावती माणसं दोन दिशांना, घर कुठेही घेतलं तरी एकाचा प्रवास लांबणारच.

तेव्हा योजना फसली असं मी सरसकट म्हणणार नाही. ठाणे स्टेशनच्या ९-१० नंबर फलाटांवर सकाळी उभं राहून पाहा: कल्याण-डोंबिवलीची माणसं गाडी बदलून ऐरोली, घणसोली, महापेकडे निघालेली असतात. नवी मुंबईकडे जाणारा ओघ, जो साठच्या दशकात कागदावर मांडला होता, तो हाच. फक्त तो सगळा ठाणे स्टेशनच्या पादचारी पुलांवरून जातो. म्हणून नव्या कचेऱ्यांच्या भूमिपूजनापेक्षा मला ऐरोली-कळवा उन्नत रेल्वेमार्ग जास्त निकडीचा वाटतो. तो झाला की कल्याणहून येणाऱ्याला ठाण्यात उतरावंच लागणार नाही.

प्रकल्पासाठी २०११ च्या जनगणनेतले 'बी-२८' तक्ते काढा. घरापासून कामापर्यंतचं अंतर आणि प्रवासाचं साधन, दोन्ही जिल्हावार मिळतं. आधी ठाणे आणि मुंबई शहर हे दोन जिल्हे शेजारी ठेवून बघा. उपनगर जिल्हा नंतर घ्या, तिथे चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे.