भूल लागल्यानंतरच भूलतज्ज्ञाचं खरं काम सुरू होतं

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाची टॉन्सिलची शस्त्रक्रिया झाली. मास्क लावल्यावर त्यानं हातपाय झाडले, डोळे फिरवले आणि माझ्या हातातच तो सैल पडला. शुद्धीवर आल्यावर मला ओळखेना, नुसता किंचाळत होता. आज तो ठणठणीत आहे, पण ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. माझी अकरावीतली मुलगी मात्र तेव्हापासून भूलतज्ज्ञच व्हायचं म्हणते. जोखीम सगळी भूल देणाऱ्याची आणि नाव सर्जनचं, असं हे काम. दोन महिन्यांनी मुलाच्या कानाची शस्त्रक्रिया आहे, त्या विचारानंही पोटात गोळा येतो. मुलीला या मार्गावरून परत फिरवू का?
– एक वडील

उत्तर :

नमस्कार. तुम्ही विचारलंय मुलीच्या करिअरबद्दल, पण पत्रभर भीती आहे ती त्या दिवसाची. आधी त्या भीतीबद्दलच बोलू, कारण करिअरचं उत्तर बरंचसं त्यातूनच मिळेल. मी डॉक्टर नाही. मात्र या शाखेत गेलेले माझे अनेक विद्यार्थी आजही माझ्याशी बोलतात. पुढचं बरंचसं त्यांच्याकडूनच शिकलो आहे.

लहान मुलांना जागेपणी सुई टोचण्याऐवजी पुष्कळदा मास्कमधून सेव्होफ्लुरेन देतात. हे मुळात द्रव असतं. व्हेपोरायझरमध्ये त्याची वाफ होते आणि ती ठरलेल्या प्रमाणात ऑक्सिजनमध्ये मिसळली जाते. तिचा वास उग्र नसतो, घशालाही ती झोंबत नाही. याच कुळातल्या डेस्फ्लुरेनचा अंमल लवकर उतरतो, पण ते श्वासमार्गाला इतकं झोंबतं की मास्कनं भूल सुरू करायला ते वापरत नाहीत.

ही वाफ फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाते. गंमत अशी, की जे द्रव्य रक्तात कमी विरघळतं त्याची भूल लवकर लागते. रक्तच ते शोषत राहिलं, तर फुप्फुसात आणि पर्यायानं मेंदूत त्याचा पुरेसा दाब तयार व्हायला वेळ लागतो. मेंदूत पोचल्यावर ते पेशींना शांत करणाऱ्या गाबा रिसेप्टरचं (पेशींवरच्या एका ग्राहक प्रथिनाचं) काम वाढवतं आणि पेशींना चेतवणारे काही मार्ग मंदावतं. जाणीव आणि आठवण मेंदूत थांबते. चीर दिली तरी शरीर हलत नाही, ते मात्र मुख्यतः मज्जारज्जूवरच्या परिणामामुळे. भूलद्रव्यं पेशींच्या स्निग्ध आवरणात विरघळून काम करतात, असं अनेक दशकं मानलं जात होतं. १९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब या संशोधकांनी ती थेट प्रथिनांवर परिणाम करू शकतात हे दाखवलं. तरी शुद्ध नेमकी कशी हरपते, याचं पूर्ण उत्तर अजून विज्ञानाला मिळालेलं नाही. तुमच्या मुलीला हे सांगून पाहा. तिचे डोळे चमकले, तर तो चांगला संकेत समजा.

आता तुम्ही पाहिलेलं दृश्य. भूल खोल होण्याआधी एक अस्वस्थ टप्पा येतो. मेंदूतला लगाम आधी सैल होतो, म्हणून हातपाय झाडले जातात, डोळे फिरतात, श्वास वेडावाकडा होतो. पाहणाऱ्याला वाटतं लेकरू तडफडतंय, पण तोवर त्याची शुद्ध गेलेली असते आणि पुढे सहसा त्याला यातलं काही आठवत नाही. शुद्धीवर येतानाचं किंचाळणं आणि ओळख न पटणं हेही सेव्होफ्लुरेननंतर या वयाच्या मुलांमध्ये बऱ्याचदा दिसतं आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतं. हे तुम्हाला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. तेवढं झालं असतं, तर तुमचे इतके दिवस असे गेले नसते.

पण धोका नाहीच, असं मी म्हणणार नाही. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये मॉर्टन या दंतवैद्यांनी ईथरची भूल सर्वांसमोर देऊन दाखवली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिम्पसन या स्कॉटिश डॉक्टरांनी भुलेसाठी क्लोरोफॉर्म आणलं. आणि जानेवारी १८४८ मध्ये, पायाच्या बोटाचं नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिलेली हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी दगावली. या शाखेकडे वळणाऱ्या प्रत्येक मुलाला मी तिची गोष्ट सांगतो. शस्त्रक्रिया किरकोळ असली तरी भूल किरकोळ नसते.

आजची द्रव्यं क्लोरोफॉर्मपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत. तरी जी वाफ शुद्ध घालवते, तीच श्वास उथळ करते, रक्तदाब उतरवते, घशाचे स्नायू सैल करून श्वासाची वाट अडवते. चीर दिल्यावर निम्मे रुग्ण हलत नाहीत, इतक्या भुलेला मध्यमवयीन माणसात सेव्होफ्लुरेनचं प्रमाण साधारण २ टक्के लागतं. लहान मुलांना जास्त, वृद्धांना कमी. एकच आकडा सगळ्यांना चालत नाही, म्हणून भूल लागल्यानंतरच भूलतज्ज्ञाचं खरं काम सुरू होतं. रुग्णाचा श्वास, रक्ताभिसरण, तापमान, सगळं आता त्याच्या हातात असतं. पडद्यावरच्या आकड्यांइतकंच ओठांच्या रंगाकडे आणि छातीच्या हालचालीकडे त्याचं लक्ष असतं.

एक दुर्मीळ धोका तर घराण्यातून येतो. १९६० मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी पाय मोडलेल्या एका तरुणाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याला मोडलेल्या पायापेक्षा भुलेची भीती जास्त होती, कारण ईथर दिल्यावर त्याचे दहा नातेवाईक दगावले होते. हॅलोथेन हे दुसरं भूलद्रव्य दिल्यावर त्याचीही प्रकृती ढासळली. सुदैवानं तो वाचला. याला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. काही विशिष्ट जनुकीय दोष असलेल्यांच्या स्नायूंमध्ये या वाफांमुळे कॅल्शियमचा लोट सुटतो, स्नायू ताठरतात, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड झपाट्यानं वाढतो आणि ताप भडकतो. आज डँट्रोलिन हे औषध आहे, ते वेळेवर दिलं तर बहुतेक रुग्ण वाचतात. मात्र कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढायला लागताच कुणाच्या तरी मनात ही शंका यावी लागते.

अशी शंका येणारी माणसं या शाखेला हवी असतात. तुमच्या मुलीचा पिंड तसा आहे का, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं ओळखाल. तासन् तास काही न घडतानाही तिचं लक्ष टिकतं का? घरात गोंधळ उडाला की तिचा आवाज चढतो की उतरतो? तिला भौतिक आणि रसायनशास्त्र मनापासून आवडतं का? डेस्फ्लुरेन जेमतेम २३ अंशांना उकळतं, म्हणून त्याचा व्हेपोरायझर तापवून ठेवावा लागतो. या शाखेत वायूंचे नियम परीक्षेनंतरही रोज भेटतात. पदवी आणि पुढचं विशेष शिक्षण मिळून दशकभर जाईल. रात्रपाळ्या असतील, ताण असेल.

नाव सर्जनचं होतं, हे बऱ्याच अंशी खरं आहे. रुग्णांशी वर्षानुवर्षांचं नातं किंवा त्यांच्या तोंडून कौतुक हवं असेल, तर तिनं दुसरी शाखा निवडावी. पण भूलतज्ज्ञ फक्त ऑपरेशन थिएटरमध्येच असतो, हा समज जुना झाला. अतिदक्षता विभाग, प्रसूतीच्या वेदना, कर्करोगाच्या रुग्णांचं दुखणं, अपघातग्रस्ताचा श्वास सावरणं, सगळीकडे ही माणसं लागतात. मुलीला परत फिरवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिनं भावाला त्या अवस्थेत पाहिलं आणि घाबरून मागे सरण्याऐवजी तिला त्याचं कारण जाणून घ्यावंसं वाटलं.

कानाच्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांची तपासणी होईल, तेव्हा परवानगी घेऊन तिलाही बरोबर न्या. मागच्या वेळी शुद्धीवर येताना काय झालं, ते तुम्ही सांगा. ते कमी करण्यासाठी शिरेतून औषध देण्यासारखे पर्याय असतात. घराण्यात कुणाला भुलेचा त्रास झाला होता का, दात हलतोय का, सर्दी-खोकला आहे का, हेही सांगा. आणि एक प्रश्न मुलीला विचारू द्या. भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू शरीरातल्या बंद, हवा भरलेल्या पोकळीत पटकन शिरतो. तिथला नायट्रोजन तितक्या वेगानं बाहेर पडत नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो. कानाच्या पडद्यामागे नेमकी तशीच पोकळी असते. तेव्हा भावाच्या शस्त्रक्रियेत हा वायू वापरणार का, वापरला तर कधी बंद करणार, हे तिनं त्यांना विचारावं.